जागच्या जागी पडलो आणि खुबा मोडला

काय झालं असं खूप जण विचारतायत म्हणून एकदाच लिहितो. पुण्याजवळचा बोपदेव घाट चढून वर आलो, टपरीसमोर सायकल थांबवली आणि उजवा बूट क्लीटमधून (बूट पेडलला अडकवून ठेवणारी खिट्टी) निघालाच नाही. स्पीड शून्य. उभं झाड पडावं तसा आडवा, सगळे हसले, मीपण हसलो, कारण क्लीट लावणारा प्रत्येकजण एकदा तरी असा पडतोच. चहा घेऊन उठायला गेलो तर उजव्या पायावर भारच देता येईना.

त्याच दिवशी एका हॉस्पिटलात एक्सरे झाला. डॉक्टरांनी स्क्रीनकडे बघितलं, माझ्याकडे नाही. फ्रॅक्चर नाही, मुका मार आहे, आठ दिवस गोळ्या घ्या. मी म्हणालो अहो पडलो कुशीवर पण दुखतंय जांघेत, तर म्हणे स्नायू ओढला गेला असेल. कॉटवर झोपवून पायाला हात लावणं वगैरे काही नाही, मी खुर्चीतच बसून होतो.

मग सुरू झाले सल्ले. सायकलच्या ग्रुपवर एकजण म्हणाला बाइक फिट करून घे, म्हणजे सायकल अंगाच्या मापाला लावून घे, दुसरा म्हणाला सॅडल म्हणजे सीट पाच एमएम खाली घे (अरे, मला जिना चढता येत नाहीये!), तिसऱ्याने स्नायू मोकळे करायच्या फोम रोलरचा व्हिडिओ टाकला. मावशीचा फोन आला, आमच्याकडे एक हाडवैद्य आहे, एका हिसक्यात बसवतो. खरं सांगतो, मी जाणार होतो. बायको आडवी आली म्हणून वाचलो.

पाचव्या दिवशी लंगडत सोसायटीतल्या एका फिजिओकडे गेलो, मालिश-बिलिश करून देईल म्हणून. पंचविशीतली मुलगी. तिने मला झोपवलं, पाय सरळ ठेवून मांडीवर हात ठेवला आणि लाटणं फिरवावं तसा अख्खा पाय हलकेच आत-बाहेर फिरवला. मी ओरडलोच. मग म्हणाली काका पाय सरळ वर उचला, तर पाय गादीवरून हलेना. तिने लगेच हात काढून घेतला. "मी काहीच करणार नाही, आजच एमआरआय काढा आणि तोपर्यंत हा पाय जमिनीला टेकवायचा नाही." दहा सिटिंगचं पॅकेज गळ्यात मारता आलं असतं तिला. एक रुपया घेतला नाही. (काका म्हणाली ते तेवढं लागलं.)

एमआरआयमध्ये मांडीच्या हाडाची मान, म्हणजे खुब्यात बसणाऱ्या गोळ्याखालचा निमुळता भाग, चिरलेली, नशिबाने सरकलेली नव्हती. अशी बारीक चीर सुरुवातीला एक्सरेत दिसत नाही असं खूपदा होतं. आणि खुब्याच्या सांध्याचं दुखणं जांघेत येतं, कधीकधी तर नुसतं गुडघ्यात. हाडाच्या त्या गोळ्याला रक्त जातं ते याच मानेवरून, चीर सरकली की रक्त तुटू शकतं, गोळा मरतो, मग सांधा बदला. अशा खुब्यावर मी पाच दिवस संडास-बाथरूम करत फिरत होतो, आणि त्यावर हिसका देऊन घ्यायला निघालो होतो!

अमेरिकन सायकलपटू फ्लॉइड लँडिसचं हेच झालं होतं. सायकलवरून पडून खुबा मोडला, स्क्रू घातले, तरी पुढे गोळा मेला आणि त्याच खुब्यावर त्याने 2006 ची टूर द फ्रान्स ही सायकलची मोठी शर्यत मारली. डोपिंगमध्ये किताब गेला ती गोष्ट वेगळी.

माझे तीन स्क्रू दुसऱ्या दिवशी बसले. सर्जनने हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन करायला लावला तर हाडं वयाच्या मानाने विरळ. म्हणाले वर्षानुवर्षं फक्त सायकलच चालवता ना, त्यात हाडांवर वजन पडत नाही, जरा चाला, वजनं उचला. आम्ही आपले फिटनेसच्या घमेंडीत.

एक्सरे नॉर्मल आला याबद्दल माझी तक्रारच नाही. पायावर उभं राहता येत नाही असं सांगणाऱ्या माणसाला त्या एक्सरेवर घरी पाठवलं, याची आहे.

सहा आठवडे वॉकर झाला, आता काठी. गोळा जिवंत आहे ना हे बघायला अजून बराच काळ एक्सरे काढत राहायचे आहेत. परवा बायकोच्या स्कूटरवर मागे बसून बोपदेवला गेलो होतो. टपरीवाला चहा देताना म्हणाला, आज पाय निघाला का?