फॅशन फोटोग्राफर व्हायचंय? कपड्यांकडे बघू नका

सुरुवात लोगोपासून करा. कामापासून सुरुवात करणारे मागे पडतात. आपल्या नावापुढे 'फोटोग्राफी' जोडा आणि तो लोगो प्रत्येक फोटोच्या उजव्या कोपऱ्यात एवढा ठसठशीत छापा की मॉडेलची चप्पल त्याखाली झाकली जावी. चपलेचा ब्रँड असेल तर आणखी छान. इन्स्टाग्रामच्या बायोमध्ये फॅशन, प्री-वेडिंग, बारसं, ड्रोन, सगळं एका ओळीत लिहा. कुर्त्यांचा धंदा करणारी बाई ते वाचेल आणि तिची खात्री पटेल की आपल्या नव्या कलेक्शनला हाच माणूस हवा, परवाच त्याने कुणाचं तरी बारसं उरकलंय.

मग खरेदी. सगळे पैसे एका ८५ एमएम एफ/१.४ लेन्समध्ये घाला. लाइटसाठी छदाम उरता कामा नये. आता ही लेन्स आयुष्यभर एफ/१.४ वरच, म्हणजे तिचं भोक सताड उघडंच ठेवायचं, कारण मागचं सगळं विरघळलं म्हणजे फोटो 'प्रोफेशनल' झाला. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर दीड मीटरवरून या सेटिंगला साधारण अडीच सेंटिमीटर खोलीच स्पष्ट येते. म्हणजे पापण्या काचेसारख्या लख्ख, कान धुक्यात, आणि गळ्यावरचं भरतकाम, ज्याच्यासाठी ब्रँडने तुम्हाला बोलावलं होतं, ते थेट ढगात. एफ/८ वर त्याच अंतरावरून पंधरा सेंटिमीटरच्या आसपास खोली मिळते, बटणपट्टी आणि कापडाचा पोत दिसतो. पण एफ/८ तर तीन-चार हजारांच्या जुन्या किट लेन्सवरही येतं. मग तुमच्यात आणि इतरांत फरक काय राहिला?

फ्लॅश वापरायची वेळ आलीच तर शटर १/५०० सेकंदावर ठेवा. वेगवान ते चांगलं, हे कुणीही सांगेल. बहुतेक कॅमेऱ्यांचा फ्लॅशशी मेळ १/२०० किंवा १/२५० पर्यंतच बसतो. त्यापुढे शटरचा पहिला पडदा पुरता उघडायच्या आत दुसरा मिटायला लागतो; फ्लॅश फुटतो त्या क्षणी सेन्सरचा एक भाग झाकलेला असतो आणि फोटोच्या कडेला काळी पट्टी उमटते. फ्लॅश पेटवणारा स्वस्तातला ट्रिगर किंचित उशिरा इशारा देत असेल तर ती १/२०० लाही दिसते, म्हणून जाणकार मुकाट्याने १/१६० वर येतात. तुम्ही येऊ नका. पट्टी आडवी आली तर साडीचा काठ आहे म्हणून सांगा.

सॉफ्टबॉक्स, म्हणजे लाइटवर चढवायची पांढऱ्या कापडाची पेटी, मॉडेलपासून जितका लांब नेता येईल तितका न्या. तीन फुटांचा ऑक्टा, म्हणजे अष्टकोनी सॉफ्टबॉक्स, तीन फुटांवर मऊ उजेड देतो. तोच बारा फुटांवर नेला की नाकाखाली कट्यारीसारखी सावली पडते आणि उजेड सोळाव्या हिश्श्यावर येतो. मग आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, ३२०० करा, दाणे दिसले की 'फिल्म लूक' म्हणा. मॉडेलला मागच्या कागदाला पाठ टेकवून उभं करा. पाच-सहा फूट पुढे घेतलं तर तिची सावली पार्श्वभूमीवर पडत नाही आणि मागचा उजेड वेगळा सांभाळता येतो, पण एवढी जागा स्टुडिओवाल्याला मागायची म्हणजे भाडं वाढणार. आणि थर्माकोलच्या भानगडीत पडू नका. आठ बाय चारच्या दोन शीट टेपने जोडून, एक बाजू काळी रंगवून उभ्या केल्या की पांढऱ्या बाजूने सावली भरून निघते आणि काळ्या बाजूने पांढऱ्या कुर्त्याला कड मिळते. एवढ्या स्वस्त वस्तूने जमणारं काम कलेत मोजत नाहीत.

आता कपडा. याच्याकडे मुळीच लक्ष द्यायचं नाही, आणि याच विषयावर जरा थांबायला हवं, कारण बरीच मुलं इथे मोहात पडतात.

समजा पैठणीचं काम आलं. पैठणीत ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असेल तर कोन बदलला की रंग बदलतो. धूपछाँव ती हीच. बाजूने, मोठ्या पृष्ठभागावरून तिरका उजेड टाकला तर निऱ्यांच्या एका अंगाला जांभळा, दुसऱ्याला हिरवा उठतो. तुम्ही कॅमेऱ्याच्या डोक्यावरचा फ्लॅश नाकासमोर फोडा: दोन्ही रंग मिळून एक बिनरंगाचा मळका डाग तयार होतो. जरीचंही तसंच. जरीची तार चकाकते ती समोरचं प्रतिबिंब दाखवून. समोर मोठा सॉफ्टबॉक्स असेल तर पदरावरचा मोर पिवळाधमक दिसतो. समोर अंधारी खोली असेल तर तोच मोर काळपट. आणि उघडा फ्लॅश असेल तर मोराच्या जागी पांढरं भगदाड. ग्राहकाने फोनवर पाहिलेला रंग घरी आलेल्या साडीशी जुळला नाही की साडी परत जाते. तो ब्रँडचा प्रश्न. पहिल्या फ्रेममध्ये ग्रे कार्ड, म्हणजे रंग जुळवायचा करडा पुठ्ठा, धरलं असतं तर सगळा लॉट एका झटक्यात दुरुस्त झाला असता, पण ग्रे कार्ड हातात धरलेल्या मॉडेलचा फोटो स्टोरीत टाकता येत नाही.

लाल साडीला एक खास सापळा आहे, तो चुकवू नका. एकत्र हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेडाचा आलेख, अगदी सभ्य दिसतो, पण त्यातली लाल रंगाची वाहिनी केव्हाच उजव्या भिंतीला आपटलेली असते. लालातलं विणकाम सपाट होतं, बुट्टे गायब होतात, सहावारीच्या जागी प्लास्टिकचा पडदा नेसल्यासारखा. तिन्ही वाहिन्यांचा हिस्टोग्राम वेगळा दाखवण्याची सोय बहुतेक कॅमेऱ्यात असते. मेनूत ती सापडणार नाही याची काळजी घ्या.

कपडे घरूनच घालून यायला सांगा. रिक्षातून अंधेरीपर्यंत आलेल्या लिननच्या ड्रेसवर मांडीपाशी ज्या सुरकुत्या पडतात, त्या स्टीमरने दोन-तीन मिनिटांत जातात, आणि फोटोशॉपमध्ये प्रत्येक फोटोवर पुन्हा पुन्हा काढाव्या लागतात. दुसरा मार्ग कष्टाचा आहे, म्हणून तोच खरा. सॅम्पल एकाच मापात येतात आणि मॉडेल दुसऱ्याच मापाची असते. तेव्हा मुरलेले स्टायलिस्ट पाठीमागून कापड चिमटीत घेऊन क्लिपा लावतात, समोरून ड्रेस अंगावर शिवल्यासारखा बसतो. क्लिपा, टाचण्या, दुतोंडी टेप, धागे उचलायचा रोलर, हे सगळं शिवणकामवाल्या बायकांचं सामान झालं. तुम्ही कलाकार. बाहीवर लोंबणारं किमतीचं लेबल राहू द्या, वास्तववाद.

मेकअपही वाचवा. मॉडेलला म्हणा, तूच करून ये. ती बिचारी उन्हाच्या भीतीने एसपीएफवालं फाउंडेशन लावून वर सिलिकाची पावडर फासून येईल. त्यातले झिंक ऑक्साइड, टायटॅनियम डायऑक्साइड आणि ती पावडर फ्लॅशचा उजेड परत फेकतात, मग गळा गव्हाळ आणि चेहरा पिठाच्या गिरणीतून आलेला.

मॉडेल मिळवायची पद्धत ठरलेली आहे. रात्री साडेअकराला मेसेज: 'हाय डिअर, यू हॅव ग्रेट फीचर्स, कोलॅब?' मूड बोर्ड, म्हणजे फोटो कसे हवेत त्याचे नमुने, पाठवू नका, कपडे कोणते तेही नको, जागेचा पत्ता तर आदल्या रात्रीपर्यंत गुलदस्त्यात. सोबत मैत्रीण आणू का असं विचारलं तर 'त्याने एनर्जी डिस्टर्ब होते' म्हणा. कपडे बदलायला बंद खोली ठेवायची नाही. वय विचारायचं नाही. अठराच्या आतली असेल तर पालकांची लेखी संमती घ्यावी लागते, मग पालक सेटवर येतात आणि चहा मागतात. एवढं सगळं नीट पाळलंत की शहरातल्या मॉडेल्सच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तुमचं नाव फार लवकर पोचतं. प्रसिद्धी म्हणतात ती हीच.

मॉडेल पुरवणाऱ्या एजन्सीकडे नव्या चेहऱ्यांसाठी टेस्ट शूट मागायला जाऊ नका. त्यांना हवे असतात साधे फोटो: समोरून, बाजूने, पूर्ण उंचीचे, अंगाबरोबरचे कपडे, केस मागे, मेकअप नाही, खिडकीचा उजेड. तुमच्याकडे असतो धूर, लाइटवर निळा जेल कागद आणि तोंडावर जाळीची सावली.

पोज सांगताना फक्त 'नॅचरल राहा' एवढंच बोला आणि उभ्याने, डोळ्याच्या उंचीवरून, २४ एमएमने पूर्ण उंचीचा फोटो काढा. डोकं भोपळ्याएवढं, पाय तोकडे आणि पायघोळ अनारकली गुडघ्यावर आलेला. कमरेच्या उंचीवर कॅमेरा धरून, लांब लेन्सने, मागे सरकून काढला असता तर कपड्याची लांबी होती तेवढी दिसली असती. पण गुडघ्यावर बसलात तर जीन्स मळते.

जागेसाठी रेल्वेचे रूळ सर्वोत्तम. रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम १४७ खाली विनापरवाना घुसखोरीला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. स्टुडिओच्या भाड्यापेक्षा दंड स्वस्त पडतो असा हिशेब करणारेही भेटतात. गाडी तो हिशेब वाचत नाही. पुण्यात असाल तर शनिवारवाड्यावर ट्रायपॉड घेऊन जा. संरक्षित स्मारकात ट्रायपॉडला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते हे तुम्हाला तिथला पहारेकरी स्वतः समजावून सांगेल. वेळ दुपारी बाराची, महिना मे.

कुणाकडे असिस्टंट म्हणून राहू नका. नामवंत फोटोग्राफर गौतम राजाध्यक्ष यांनी लिंटास या जाहिरात कंपनीत बरीच वर्षं नोकरी केली आणि मग पूर्ण वेळ फोटोग्राफीत उतरले. एवढा धीर कुणाला आहे? असिस्टंटला पहिले महिने केबल गुंडाळायची, लाइट कोसळू नये म्हणून स्टँडवर सँडबॅग ठेवायची, लाइटसोबत आलेल्या अटेंडंट दादाचं ऐकायचं. त्या दादाने तुमच्या वयाइतकी वर्षं लाइट उभे केलेले असतात. त्याला 'ए, तो इकडे सरकव' म्हणा. तो सरकवेल. सँडबॅग मात्र ठेवणार नाही.

एडिटिंगमध्ये चेहऱ्यावर ब्लर फिरवा, रंध्रं उरली तर पुन्हा फिरवा. कंबर लिक्विफाय या आकार बदलणाऱ्या टूलने आत ढकला. ब्लॉक प्रिंटच्या सरळ रेषा तिथे वाकतील आणि मागची चौकट कंबरेबरोबर आत येईल, पण बघणारा चौकट बघायला येत नाही. निवड करायची नाही. काढलेले नऊशेच्या नऊशे फोटो पाठवा, म्हणजे डोळे मिटलेला एखादा त्यांच्या वेबसाइटवर तुमच्या नावाने लागेल. मेमरी कार्ड एकच वापरा, आणि कॉपी झालं की नाही हे न तपासता गाडीतच फॉरमॅट करा.

शेवटी पैसे. कोटेशन मागितलं तर 'तुम्हाला योग्य वाटेल ते द्या' म्हणा. वापराचा कागद करू नका. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार मोबदला देऊन कुणी फोटो काढून घेतला, तर वेगळा करार नसेल तेव्हा पहिला मालक पैसे देणारा. म्हणजे इन्स्टाग्रामच्या चार पोस्टसाठी काढलेला फोटो उद्या एक्सप्रेसवेच्या होर्डिंगवर लागला तर गाडी बाजूला घेऊन त्याच्यासोबत सेल्फी काढायची. 'फक्त वेबसाइट आणि सोशल मीडिया, एक वर्ष' ही एक ओळ मेलवर लिहून घेतली असती तर होर्डिंगचे वेगळे पैसे मागता आले असते. निम्मी रक्कम आगाऊ मागू नका, माणसं दुखावतात. छोट्या उद्योगांची सरकारी उद्यम नोंदणीही करू नका; नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकतं करायचं बंधन कायद्याने खरेदीदारावर आहे, उशीर झाला तर व्याजही लागतं, आणि असलं काही तुम्ही बिलाखाली छापलंत तर अकाउंट्सवाला तुम्हाला ओळखू लागेल. त्यापेक्षा दर महिन्याला 'जस्ट फॉलोइंग अप' आणि हात जोडलेला इमोजी पाठवत राहा. पुढच्या सीझनला ते तुम्हालाच बोलावतील, याच दरात.