मोबाइल बोलतो, म्हणून ब्रेल नको?

इंदूरच्या आमच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअॅप गटांवर गेले दोन आठवडे एक मजकूर फिरतो आहे. मला तो चार जणांनी पाठवला, बहुतेकांनी कौतुकानं. सार असं: ब्रेल आता कालबाह्य झाली. मोबाइल सगळं वाचून दाखवतो. जगात फक्त 10 टक्के अंध लोक ब्रेल वाचतात. पुस्तकं जाडजूड आणि महाग, लिपी शिकण्यात वर्षं जातात, आणि ज्याला थोडं दिसतं त्याला तर तिची गरजच नाही. तेव्हा मुलांचा वेळ वाया घालवू नका, हातात फोन द्या.

त्याखाली आमच्या ओळखीतल्या एका काकांनी विचारलं होतं, "म्हणजे आमच्या नातीला ब्रेल नकोच ना?" नात सहा वर्षांची आहे, तिला अल्पदृष्टी आहे. हा प्रश्न वाचला नसता तर मी एवढं लिहायला बसले नसते.

आधी एक गोष्ट मोकळेपणानं मान्य करते. मी स्वतः अंध आहे आणि दिवसभर स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं मोठ्यानं वाचून दाखवणारी प्रणाली, वापरते. बँकेत संगणकावर एनव्हीडीए, फोनवर टॉकबॅक. एनव्हीडीए 2006 पासून फुकट मिळतो आणि त्यानं आमच्यासारख्यांचं आयुष्य बदललं. ऐकण्याचा माझा वेग ब्रेल वाचण्याच्या कितीतरी पट आहे. भांडण मोबाइलशी नाही, त्या "म्हणून"शी आहे.

"मोबाइल वाचून दाखवतो." दाखवतो, पण ते ऐकणं झालं. डोळस मुलाला कोणी म्हणत नाही की, आई गोष्ट वाचून दाखवते ना, मग तुला अक्षरं कशाला? मराठीत तर हा फरक पदोपदी नडतो. दिन आणि दीन, सुत आणि सूत, शिर आणि शीर हे शब्द कानाला जवळजवळ सारखेच. श आणि ष तर बोलण्यात वेगळे उरलेच नाहीत. ब्रेलमध्ये प्रत्येक अक्षर सहा उठावदार ठिपक्यांच्या चौकटीत बसतं आणि प्रत्येक ठिपक्याला क्रमांक असतो. ऱ्हस्व इ म्हणजे ठिपके 2 आणि 4, दीर्घ ई म्हणजे 3 आणि 5. बोट फिरलं की फरक कळतोच. मोबाइलला एकेक अक्षर वाचायला लावता येतं, हे खरं; पण चूक असल्याची शंका आली तर ना! वर्षानुवर्षं फक्त ऐकलेल्या माणसाला ती शंकाच येत नाही. मंडळाच्या स्मरणिकेसाठी मी पहिला लेख टाइप केला तेव्हा संपादक काकूंनी प्रेमानं, पण लाल शाईत न्हालेला परत दिला. वक्तृत्व स्पर्धेत बक्षिसं मिळवलेली मी, आणि रोजच्या शब्दांचं लेखन मला येत नव्हतं. परीक्षांत लेखनिक होते; नियमांनुसार तासाला 20 मिनिटं जादाही मिळतात, ते योग्यच आहे. पण उत्तरपत्रिकेतलं शुद्धलेखन लेखनिकाचं असतं.

गणितात आणखी बिकट. "एक भागिले दोन अधिक तीन" असं आवाज म्हणाला, तर छेदात दोन आहे की दोन अधिक तीन? उत्तर साडेतीन की एक पंचमांश? बोटाखाली मांडणी असेल तर हा प्रश्न पडत नाही. अब्राहम नेमेथ हे गणितज्ञ स्वतः अंध होते. त्यांनी गणितासाठी वेगळी ब्रेल संहिता बांधली ती याच गरजेतून.

आणि मोठ्यानं वाचणं? कानात आवाज चालू असताना त्याच्या मागोमाग बोलत जाणं म्हणजे वाचन नव्हे. गणेशोत्सवात मी सूत्रसंचालन करते ते ब्रेलच्या कार्डांवरून. समोरच्यांकडे तोंड, बोटं कार्डावर, टाळ्या संपेपर्यंत थांबता येतं, नाव अडलं तर बोट मागे नेता येतं. रात्री लेकीला गोष्ट वाचून दाखवते, तेव्हा दिवा बंद असतो आणि ती माझ्या बोटांवर हात ठेवून झोपते. तिथे मी फोन लावला असता, तर गोष्ट फोननं सांगितली असती.

"फक्त 10 टक्के वाचतात." हा आकडा जगाचा नाही, अमेरिकेचा आहे. अमेरिकन प्रिंटिंग हाउस फॉर द ब्लाइंड ही संस्था दरवर्षी तिथल्या अंध विद्यार्थ्यांची नोंद ठेवते, त्यात वाचनाचं मुख्य माध्यम काय तेही असतं. शाळेत जाण्याआधीची बाळं, छापील अक्षरं वाचू शकणारी मुलं, बहुविकलांगतेमुळे कुठल्याच माध्यमात न वाचणारी मुलं, सगळी त्याच एका यादीत. त्यांतून ब्रेल मुख्य माध्यम असणाऱ्यांचा हिस्सा काढला आणि तो "अंधांतले ब्रेल वाचणारे" म्हणून जगभर फिरला. हा आकडा कसा पसरला, याचा माग अमेरिकेतल्या अभ्यासकांनी 2022 साली काढला आहे. समजा, आकडा बरोबर असता, तरी त्यातून काय सिद्ध होतं? शिकवलं नाही म्हणून येत नाही. येत नाही म्हणून शिकवायचं नाही, हे कुठलं गणित?

नोकरीबद्दल मात्र अभ्यास झालेला आहे. रूबी राइल्स या अमेरिकी संशोधिकेनं 1996 साली जन्मापासून दृष्टी अधू असलेल्या 74 प्रौढांचा अभ्यास प्रसिद्ध केला. लहानपणी ब्रेल हेच वाचनाचं माध्यम असलेल्यांत बेकारी 44 टक्के, छापील अक्षरांवरच वाढलेल्यांत 77 टक्के. माणसं थोडी होती, तीही अमेरिकेतल्या एकाच राज्यातली. ब्रेलमुळेच नोकरी लागली असं त्यावरून छातीठोकपणे म्हणता येत नाही आणि मी म्हणत नाही. पण "वेळ वाया जातो" म्हणणाऱ्यानं निदान एवढं वाचावं.

त्याच वर्षी नेचर या विज्ञान नियतकालिकात सादातो आणि सहकाऱ्यांचं संशोधन आलं: अंध माणूस ब्रेल वाचतो तेव्हा मेंदूचा पाठीमागचा, एरवी पाहण्याचं काम करणारा भाग कामाला लागतो. पुढे 2000 साली एका जन्मांध बाईंची हकीकत प्रसिद्ध झाली. ब्रेल उत्तम वाचणाऱ्या त्या बाईंना मेंदूच्या त्याच भागाचा रक्तपुरवठा तुटून झटका (स्ट्रोक) आला. स्पर्श शाबूत, बोलणं शाबूत, पण ब्रेल वाचता येईना. ज्या भागाला अंध माणसात काहीच काम नाही असं आपण धरून चाललो होतो, तो वाचत होता.

"शिकायला वर्षं लागतात." सहा ठिपके, त्यांच्या 63 रचना. अक्षरं काही महिन्यांत येतात. वेग सरावानं येतो, तसा तो डोळस मुलालाही सरावानंच येतो. आणि 1951 पासून भारतीय भाषांसाठी ब्रेल एकच आहे. इंदूरच्या मुलाला हिंदीसाठी एकदा आणि मराठीसाठी पुन्हा असं शिकावं लागत नाही. मराठीतला ळ तेवढा जास्तीचा, ठिपके 4-5-6.

जाडजूड पुस्तकांबद्दल तक्रार खरी आहे, एका पाठ्यपुस्तकाचे अनेक खंड होतात. पण आता ब्रेल डिस्प्ले येतात, ज्यांच्यावर ठिपके खालीवर होतात आणि फोनमधलं पुस्तक बोटाखाली येतं. ती यंत्रं अजून महाग आहेत, त्यासाठी सरकारकडे भांडायला हवं. आणि ज्या फोनमुळे ब्रेल संपली म्हणता, त्याच फोनच्या टॉकबॅकमध्ये 2020 पासून ब्रेल कीबोर्ड आहे. इंदूरच्या राजवाडा बाजाराच्या गोंगाटात, बोलून टाइप करणं अशक्य असतं तिथे, मी सहा बोटांनी निरोप लिहिते.

मतदान यंत्राच्या उमेदवारांच्या बटणांशेजारी ब्रेल आकडे असतात, हे किती जणांना माहीत आहे? केंद्रावर ब्रेलमधली नमुना मतपत्रिका मागायची, उमेदवाराचा क्रमांक पाहायचा, बटण दाबायचं. मी असं पहिल्यांदा मत दिलं त्याआधी प्रत्येक वेळी सोबतीला कोणीतरी असायचं, आणि माझं मत त्याला ठाऊक असायचं.

राहिला शेवटचा मुद्दा, काकांच्या नातीचा: "थोडं दिसतं, मग ब्रेल कशाला?"

हेच वाक्य माझ्या आईबाबांना माझ्या शाळेत सांगितलं गेलं होतं. मला रेटिनायटिस पिगमेंटोसा आहे. आधी रात्रीचं दिसेनासं झालं, मग नजरेचा घेर आवळत गेला. नवव्या वर्षी निदान झालं होतं, पुढे काय होणार हेही डॉक्टरांनी सांगितलं होतं. तरी "दिसतंय ना अजून" म्हणून मला मोठी अक्षरं दिली. दहावीला मी नाक वहीला टेकवून वाचायचे, अर्ध्या तासात डोकं ठणकायचं, धडा दोन पानांपुढे सरकायचा नाही. मुलगी आळशी आहे असा शेरा प्रगतिपुस्तकात आला. ब्रेल मी सत्ताविसाव्या वर्षी शिकले. उशिरा शिकलेल्याचा वेग बहुधा कमीच राहतो. मी आजही सावकाश वाचते आणि हे नुकसान भरून निघणारं नाही.

काका, म्हणून नातीला "दिसतं का" एवढंच विचारू नका. ती किती अंतरावरून वाचते, किती मिनिटांत थकते, थकल्यावर समजतं का, तिचा आजार वाढणारा आहे का, वस्तू ओळखताना हात आधी पुढे येतो की डोळे, हे बघायला लावा. विशेष शिक्षक अशी पाहणी करूनच माध्यम ठरवतात, आणि पुष्कळ मुलांना दोन्ही माध्यमं लागतात. शाळा टाळाटाळ करू लागली तर 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 17 पुढे करा. ब्रेल येणारे शिक्षक नेमणं ही त्यात सरकारची जबाबदारी आहे.

आणि रविवारी तिला घेऊन आमच्याकडे या. माझ्याकडे ब्रेल लिहायची एक जादा पाटी आणि ठिपके टोचायची सुई आहे. पहिल्या दिवशी फक्त अ शिकवीन. ब्रेलमधला अ म्हणजे एकच ठिपका.