जीआरईसाठी साडेतीन हजार शब्द कशाला?

बडोद्यातल्या मराठी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. सारांश असा: अमेरिकेत एमएस करायचं तर जीआरई ही प्रवेशपरीक्षा हवीच, तिचं वर्बल, म्हणजे इंग्रजी भाषेचा भाग, ही निव्वळ शब्दांची परीक्षा, म्हणून ४० दिवसांत ३५०० शब्द घोका. इंग्रजी शब्दांच्या मुळाशी असलेले लॅटिन धातू पाठ केले की बाकीचे आपोआप कळतात. आणि गुजराती-मराठी माध्यमाच्या मुलांना तर दुसरा तरणोपायच नाही. दांडिया बाजारात मी याच परीक्षेची तयारी करून घेते, तेव्हा गप्प बसवेना.

वर्बल शब्दांची परीक्षा होती, पूर्वी. विरुद्धार्थी शब्द विचारायचे, शब्दांच्या जोड्या जुळवायला द्यायचे. ते प्रश्न ऑगस्ट २०११ मध्येच गेले. सप्टेंबर २०२३ पासून तर अख्खी परीक्षाच १ तास ५८ मिनिटांवर आली. वर्बलचे प्रश्न २७, त्यांतले जवळपास निम्मे उताऱ्यांवर.

उरले गाळलेल्या जागांचे, आणि यादीवाले आपटतात ते इथेच. एका प्रकारात सहा पर्यायांतून दोन निवडायचे, असे की कुठलाही घातला तरी वाक्याचा अर्थ तोच राहावा. घोकून आलेला मुलगा वाक्य वाचतच नाही. समानार्थी जोडी दिसली की टिक. पेपर काढणारे काही दूधखुळे नाहीत, वाक्यात न बसणारी समानार्थी जोडीही ते मुद्दाम पेरून ठेवतात. दोनांतला एक बरोबर आला तर अर्धा गुण? तोही नाही.

शिवाय दगा देतात ते ओळखीचे शब्द. वर्गात मी विचारते, समीक्षकाने नाटकाची 'क्वालिफाइड' स्तुती केली म्हणजे काय? 'पात्र', 'लायक' अशी उत्तरं छातीठोकपणे येतात. ती असते हातचं राखून केलेली स्तुती. 'सँक्शन'चंही तेच. बँकेने कर्ज सँक्शन केलं तर मंजुरी, एखाद्या देशावर सँक्शन लावले तर निर्बंध. असले शब्द कुणी घोकत नाही, कारण ते सगळ्यांना 'येतात'!

धातूंचा उपयोग होतो, पण अंदाजापुरता. 'इन्फ्लेमेबल'मधला 'इन' नकारार्थी धरला की पेट घेणारी वस्तू न पेटणारी होऊन बसते.

माध्यमाचा मुद्दा मला सगळ्यात खटकतो. 'असे असले तरी' आलं की वाक्य वळणार, हे मराठी अग्रलेख नेटाने वाचणाऱ्या मुलीला सांगावं लागत नाही. 'नॉटविथस्टँडिंग' आणि 'ऑल्बीट' तेच काम करतात, एवढं दाखवलं की पुरतं. या मुलांना कमी पडतो तो इंग्रजी वाचनाचा वेग, आणि तो यादीने वाढत नाही. विज्ञान, कला, इतिहास यांवरचे लांब लेख वाचावे लागतात. मांडवीला सयाजीरावांनी १९१० साली सुरू केलेलं मध्यवर्ती ग्रंथालय आहे, तिथे जाऊन बसा की.

शब्द लागतातच, नाही कोण म्हणतंय? पण वाक्यासकट शिकलेले. ४० दिवसांत ३५०० म्हणजे रोज सत्त्याऐंशीच्या वर, तेही शेवटचं सेमिस्टर सांभाळून. आठवड्याने पहिल्या दिवसाचे शब्द विचारून बघा.

राहिलं 'जीआरई हवीच'. अमेरिकेतल्या बऱ्याच विभागांनी ती ऐच्छिक केली आहे, काहींनी काढूनच टाकली आहे. फी भरण्याआधी प्रत्येक विभागाची यंदाची अट त्याच्याच वेबसाइटवर पाहा. एकाच विद्यापीठातही एका विभागाला ती लागते, शेजारच्याला नाही.