सीडीचा अँटेना

कपाटात पन्नासेक जुन्या सीड्या पडून होत्या, त्यातल्या निम्म्या तर अशा प्रिंटरच्या ड्रायव्हरच्या की जो प्रिंटर घरातून जाऊनच कैक वर्षं झाली. बायको म्हणायची टाक, मी म्हणायचो लागतील कधीतरी. तर लागल्या!

म्हणजे झालं असं की फुकटचे डिजिटल चॅनल यूएचएफवर, म्हणजे हवेतल्या लहरींच्या एका पट्ट्यावर, येतात आणि त्याला साधा घरगुती अँटेना चालतो असं कळलं, मग मी कागद घेऊन बसलो. ६०० मेगाहर्ट्झची लहर ५० सेंटीमीटर, तिची अर्धी २५, अँटेना साधारण तेवढाच लागतो, सीडी १२ सेंटीमीटरची, दोन शेजारी ठेवल्या की २४, मध्ये बोटभर फट. बसलं की गणित! हा योगायोग नाही, सीड्या याचसाठी जपल्या होत्या असं मी घरात जाहीर करून टाकलं, जे करायला नको होतं.

पुठ्ठ्यावर सीड्या चिकटवल्या. आता टीव्हीच्या केबलची मधली तार एकीला आणि तिच्याभोवतीची जाळी दुसरीला सोल्डर करायची, पण सोल्डर काही धरेना, धूर निघाला, वास सुटला. मग काचपेपरनं वरचं लॅकर घासलं तर त्याच्यासोबत चंदेरी थरही गेला आणि हातात राहिलं पारदर्शक प्लॅस्टिक, त्यातून मला पलीकडे उभी असलेली बायको दिसली. शेवटी सोल्डरऐवजी तारा फॉइलच्या तुकड्यांनी आणि चिकटटेपनं सीड्यांवर दाबून बसवल्या.

स्कॅन लावला. चार चॅनल! फक्त मी पुठ्ठा धरून उभा असेन तेव्हाच, सोडला की चौकोन चौकोन आणि मग काळं. जुना टीव्ही निदान मुंग्या तरी दाखवायचा, डिजिटलमध्ये आहे तर आहे नाहीतर नाहीच, अधलंमधलं फारसं काही नाही. अर्धा तास हात वर करून बातम्या पाहिल्या.

खरी गंमत पुढे. पोरगी म्हणाली, बाबा, सीड्या काढून बघा ना. काढल्या. चॅनल चारच! म्हणजे सिग्नल पकडत होते मी आणि केबलची जाळी, सीड्या नुसत्या शोभेला. नंतर वाचलं की सीडीवरचा अ‍ॅल्युमिनियमचा थर एका मायक्रॉनपेक्षाही (मिलिमीटरचा हजारावा भाग) पातळ असतो आणि या फ्रिक्वेन्सीला करंट धातूत साधारण तीनेक मायक्रॉन खोलीपर्यंत वाहतो. हे आधी वाचायला काय झालं होतं, हा प्रश्न बायकोनं विचारला, मी ऐकला नाही.

मग स्वयंपाकघरातून सीडीच्याच मापाची दोन स्टीलची झाकणं उचलली, बाइंडर क्लिपांनी केबल जोडली, भिंतीला टेकवली. अकरा चॅनल, तेही हात न लावता!

झाकणं पाण्याच्या जगांची होती. आता एका जगावर प्रिंटरची ड्रायव्हर सीडी असते, बरोब्बर बसते, आणि मधल्या भोकावर बायकोनं एक नाणं ठेवलंय.