डाव्या हेडलाइटच्या तक्रारीबद्दल दुकानाचं उत्तर

नमस्कार सर. रिले किट (हेडलाइटला बॅटरीतून थेट करंट देणारं वायरिंग) बसवूनही डावा दिवा मंद, बल्ब बदलला तरी तेच, डिपरवर (खालच्या झोतावर) बल्बच्या आतल्या दोन्ही बारीक तारा लालसर दिसतात, आठ दिवसांत होल्डर वितळला, 15 अँपिअरचा फ्यूज दोनदा उडाला म्हणून 30 चा टाकला, किट बोगस: असं तुम्ही लिहिलंय.

आधी तो 30 चा फ्यूज आजच काढा. त्यावर फ्यूजच्या आधी वायर जळते.

फ्यूज उडाला तो बल्बमुळे. तुम्ही लावलेले 100/90 चे (अप्पर 100 वॉट, डिपर 90 वॉट) दोन बल्ब अप्परवर, म्हणजे लांबच्या झोतावर, जवळपास 17 अँपिअर ओढतात. किट 60/55 साठी आहे. त्याला साधारण 10 लागतात, 15 चा फ्यूज पुरतो. पाकिटावर तसं छापलंय, तरी बसवताना बल्ब कुठला लावणार हे आम्हीच विचारायला हवं होतं. ती चूक आमची.

आता मंद दिव्याचं. दोन्ही तारा एकाच वेळी लाल म्हणजे डाव्या बाजूचा अर्थ (करंट बॅटरीच्या मायनसकडे परत नेणारी जोडणी) गेलाय. डिपरच्या तारेतून आलेल्या करंटला परतीची वाट नाही, म्हणून तो अप्परच्या तारेतून उलटा फिरून उजव्या दिव्याच्या अर्थकडे जातो. नवा बल्ब त्याच जळक्या होल्डरमध्ये घातलात, मग फरक कसा पडणार? होल्डरमधली पिन थोडी जरी सैल असली, समजा 0.1 ओहमचा अडथळा आला, तर 100 वॉटच्या बल्बला तेवढ्याशा पिनेवर 7 वॉट उष्णता होते. पिनेचा पत्रा तापून मऊ पडतो, पकड आणखी सुटते.

तरी दोष पिनेत की बॉडीवरच्या थिंबलमध्ये (अर्थच्या वायरीचं बोल्टने आवळलेलं टोक), हे मीटरनेच कळेल. इंजिन चालू, डिपर चालू, मीटर 20 व्होल्ट डीसीवर. काळी प्रोब बॅटरीच्या मायनसला धरा. लाल आधी थिंबलवर, मग होल्डरच्या मागे अर्थच्या वायरीत सुई खुपसून, मग होल्डर किंचित मागे ओढून बल्बच्या अर्थच्या पातीवर. आकडा 0.2 व्होल्टच्या आत हवा; जिथे एकदम उडी मारेल तिथे दोष. बल्ब काढून मोजू नका, लोड नसेल तर खराब अर्थही चांगला दिसतो. (टेस्ट लॅम्पही इथे हमखास फसवतो.)

थिंबलवरच आकडा चढला तर बोल्टखालचा रंग पॉलिश पेपरने घासून पत्रा उघडा करा, दातेरी वॉशर टाकून आवळा, वरून ग्रीस. पिनेवर चढला तर होल्डरच बदलायचा.

गाडी घेऊन या, वितळलेला होल्डरही आणा. सिरॅमिक होल्डर आणि 2.5 स्क्वेअर एमएमची अर्थ वायर थेट बॅटरीपर्यंत आम्ही विनाशुल्क टाकून देऊ. 100/90 मात्र पुन्हा लावणार नाही. ते रस्त्याच्या नियमात बसत नाहीत आणि रिफ्लेक्टरही भाजून काढतात. रिलेमुळे पूर्ण व्होल्टेज मिळालं की 60/55 पुरेसा उजेड देतो: व्होल्टेज 10 टक्के पडलं तर उजेड 30 टक्के कमी होतो, आणि मूळ वायरिंगमध्ये नेमकं तेच होत असतं.