एक विद्यापीठ, एक डबा

राजेहो, विद्यापीठाच्या संगणक प्रमाणीकरण समितीवर, म्हणजे जुने डबे काढून सगळीकडे एकसारखे नवे संगणक आणणाऱ्या समितीवर, तुमचं नाव लागलं असेल तर आधी अभिनंदन. आता घाबरून काही वाचत बसू नका. मायक्रोसॉफ्टचा विंडोज १० ला असलेला पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, एवढं एकच वाक्य पाठ करा आणि प्रत्येक बैठकीत म्हणा. ही तारीख कंपनीनं कित्येक वर्षं आधीच सांगून ठेवली होती, हे मात्र कोणाला आठवू देऊ नका. नाहीतर मागच्या खुर्चीवरून कोणीतरी विचारतं, "मंग तवा काय करून राह्यले होते?"

जुन्या डब्यात हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकली तर तो पळायला लागतो, असं म्हणणारा एखादा पोरगा असतोच. त्याला चहा पाजा आणि नंतर भेटायला सांगा. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं, एवढं म्हटलं की तो गप्प होतो. टीपीएम म्हणजे काय, हे बैठकीत कोणी विचारत नाही.

कोण काय काम करतं, हे चुकूनही विचारू नका. माती परीक्षणाचं यंत्र जुन्या सिरियल पोर्टवरच चालतं, असलं काही ऐकावं लागेल आणि चार प्रकारचे संगणक घ्यावे लागतील. मग प्रमाणीकरण कशाचं? सगळ्यांना एकच मॉडेल. साहेबांचं वेगळं, कारण साहेब प्रमाणाच्या वर असतात.

यूपीएस यादीतून काढा, बचत दिसते. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिसावर जातो आणि कूलर नि संगणक एकाच बोर्डावर असतात. कूलर लावला की संगणक मान टाकतो. दोघांतलं काय बंद करायचं, हे कोणाला सांगावं लागत नाही.

आता आवक-जावकच्या ताई. त्यांची बारा वर्षांची पत्रं कृतिदेव या जुन्या फॉन्टात आहेत. नव्या डब्यात तो फॉन्ट नाही, आणि टाकायचा तर पासवर्ड मुख्यालयात. त्यांनी जुनं परिपत्रक उघडलं तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा नुसता भुसा. "सर, हे काऊन असं दिसून राह्यलं?" अशा वेळी आवाज चढवून सांगा, "युनिकोड वापरा." सल्ला अगदी बरोबर आहे हो, युनिकोडातलं मराठी कृतिदेवाशिवायही वाचता येतं. फक्त ताईंची बोटं टाइपरायटरच्या रेमिंग्टन कळफलकावर बसलेली, नवा कळफलक इनस्क्रिप्टचा, आणि बारा वर्षांच्या फायली बदलायला माणूस मंजूर नाही. तुमचा कार्यभाग मात्र तिथंच संपतो.

जुन्या डब्यांची चिंता नको. डेडस्टॉक रजिस्टरला नोंद आहे, म्हणजे निर्लेखन होऊन नोंदीतून नाव कटेस्तोवर ते जिन्याखालीच राहणार, अंगावर मागच्या दसऱ्याचा वाळलेला झेंडू घेऊन. कबाडीवाल्याला देता येत नाहीत. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, नोंदणीकृत पुनर्चक्रणवालाच लागतो. तो तालुक्याला येत नाही.

त्यातला एक ताईंनी वाचवला आहे. टेबलाखाली ठेवलाय, वर फायलींचा गठ्ठा. प्रमाणित संगणकावर दिवसभर कॅलेंडर उघडं असतं, पत्रं खालच्या डब्यावर होतात. तपासणीला याल तेव्हा टेबलाखाली पाय जरा जपून घाला. वायर निघाली तर तुमच्याच बैठकीचं इतिवृत्त जाईल.