लघवी मध्येच अडवणे हा व्यायाम नव्हे

खोकताना किंवा शिंकताना लघवी गळत असेल, तर रोज लघवीची धार मध्येच अडवावी, असा संदेश मुंबईतील महिलांच्या व्हॉट्सॲप गटांत फिरत आहे. तो चुकीचा आहे. धार अडवणे हे लघवी रोखणारे, ओटीपोटाच्या तळाचे स्नायू ओळखण्यापुरते, तेही एखाद्या वेळीच, चालेल. रोज तसे केल्यास मूत्राशय पूर्ण रिकामे न होण्याची आणि त्यातून संसर्ग होण्याची भीती असते. स्वच्छतागृहाअभावी लोकलच्या लांब प्रवासात आधीच लघवी रोखून धरणाऱ्या आपल्या बायकांना असा सल्ला मिळावा, याचे मला फार वाईट वाटते.

अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नल्ड केगल यांनी १९४८ मध्ये अशा गळतीवर मांडलेला व्यायाम लघवी करून आल्यावर, बसून किंवा झोपून करता येतो. वायू आणि लघवी एकाच वेळी रोखल्याप्रमाणे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आत, वरच्या दिशेने ओढावेत, काही सेकंद धरावेत आणि तितकेच सावकाश सैल सोडावेत. या वेळी श्वास रोखू नये, मांड्या व नितंब आवळू नयेत. एका वेळी किमान ८ आकुंचने, दिवसातून ३ वेळा, असे निदान ३ महिने करावे लागते. स्नायू नेमके सापडत नसतील, तर फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यावे. लघवीत रक्त दिसल्यास मात्र व्यायामावर न थांबता लगेच डॉक्टरांना दाखवावे.